विममध्ये ‘%’ लिहूनही भलतीच फाइल का चालते? लक्षणे, तपासण्या आणि उपाय

विम एडिटरमध्ये समोर उघडलेल्या फाइलवर बाहेरचा एखादा प्रोग्राम चालवायचा असेल, तर कमांडमध्ये फाइलचे पूर्ण नाव टंकण्याची गरज नसते. नावाच्या जागी ‘%’ हे एक चिन्ह लिहिले की पुरते. ही सोय अंगवळणी पडलेल्या लोकांकडूनच मला पुढील तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी कारण ठरावीक आठ-दहा कारणांपैकीच एक निघाले आहे.

लक्षणे

• फाइलमध्ये दुरुस्ती केलेली असते, तरी प्रोग्राम जुनेच उत्तर देतो.
• दुसरी फाइल समोर असताना मघाची पहिलीच फाइल चालते.
• ‘ई४९९’ क्रमांकाची चूक येते आणि कमांड चालतच नाही.
• ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो, आणि त्यात फाइलच्या नावाचा अर्धाच तुकडा दिसतो.
• फाइलमधला सगळा मजकूर नाहीसा होतो आणि त्या जागी प्रोग्रामचे उत्तर येऊन बसते.
• ‘%’ चे नावात रूपांतर होतच नाही. तो जसाच्या तसा पुढे जातो किंवा ‘ई१५’ ही चूक येते.
• याच्या उलट, खराखुरा टक्का हवा असतो तिथे फाइलचे नाव घुसते.
• हाताने टंकलेली कमांड चालते, पण तीच कळीला बांधली किंवा फाइल दुसऱ्या फोल्डरमधून उघडली, की चालत नाही.

पुढे जाण्यापूर्वी लेखनपद्धतीबद्दल एक खुलासा करतो. या लेखात कमांडची नावेही देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टंकावीत. ‘%:पी’ असे लिहिले आहे तिथे टक्का, कोलन आणि लहान पी हे अक्षर अपेक्षित आहे. एके ठिकाणी मोठे एस लागते. ते तिथे स्पष्ट सांगितले आहे, कारण लहान एसचा अर्थ पूर्णपणे वेगळा होतो.

दुसरी गोष्ट यंत्रणेबद्दलची आहे, आणि पुढच्या सर्व तपासण्या तिच्यावरच उभ्या आहेत. ‘%’ चे फाइलच्या नावात रूपांतर शेल (टंकलेल्या कमांड चालवणारा प्रणालीचा प्रोग्राम) करत नाही, विम करतो, आणि ते शेलला कमांड मिळण्याच्या आधी करतो. शेलच्या हाती नुसता तयार मजकूर पडतो. तिथे मूळचा टक्का होता याची त्याला कल्पनाही नसते. (ही पद्धत विमने नव्याने आणलेली नाही. ‘एड’ या जुन्या ओळ-संपादकातही शेल कमांडमधला ‘%’ चालू फाइलच्या नावात बदलतो.) म्हणून प्रत्येक बिघाडात दोनच प्रश्न विचारायचे असतात: विमने टक्क्याच्या जागी नेमके काय घातले, आणि शेलने त्या मजकुराचा काय अर्थ लावला?

आधी नुसते पाहा

सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे काहीही न बदलता पाहणे, आणि अनुभव असा आहे की निम्मे लोक हीच पायरी गाळतात. कंट्रोल आणि जी या कळा एकत्र दाबल्या की तळाशी विमला माहीत असलेले चालू फाइलचे नाव दिसते. त्याआधी १ हा आकडा दाबला तर पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरांसकट फाइलचा पत्ता, दिसतो. त्यानंतर ‘:एको एक्स्पांड('%')’ ही कमांड द्यावी. ती जे छापते तेच टक्क्याच्या जागी बसणार असते.

‘:!’ ने, म्हणजे विममधूनच शेल कमांड देण्याच्या खुणेने, कमांड चालवल्यावर विम पडद्यावर तीच ओळ छापतो, पण टक्क्याऐवजी प्रत्यक्ष नाव घालून. उत्तराच्या घाईत या ओळीकडे दुर्लक्ष होते. वास्तविक निदानासाठी इतका थेट पुरावा दुसरा नाही. कमांड चालवण्याआधीच नाव पाहायचे असेल, तर टक्का टंकण्याऐवजी कंट्रोल-आर दाबून मग ‘%’ दाबावे. विम त्या जागी चालू फाइलचे नाव उमटवतो आणि एंटर दाबण्यापूर्वी ते वाचता येते. ज्या कमांडमुळे फाइल पुसली किंवा हलवली जाणार असेल, तिच्यासाठी तरी मी ही सवय आग्रहाने सुचवतो.

टक्का ओळीत कोणत्या जागी आहे?

विममध्ये टक्क्याला एकच अर्थ नाही, आणि सर्वांत जास्त नुकसान याच गोंधळाने होते. कोलननंतर लगेच टक्का आला तर त्याचा अर्थ ‘पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत’ असा होतो. शोधून बदलण्याच्या ‘:%एस’ या कमांडमध्ये तो याच अर्थाने येतो. कमांडच्या नावानंतर, जिथे फाइलचे नाव अपेक्षित आहे, तिथे त्याचा अर्थ चालू फाइल असा होतो. आणि साध्या अवस्थेत, म्हणजे मजकूर टंकणे चालू नसताना, नुसती टक्क्याची कळ दाबली, तर कर्सर जोडीच्या कंसावर जातो.

आता ‘:!सॉर्ट %’ आणि ‘:%!सॉर्ट’ या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. पहिलीत सॉर्ट हा प्रोग्राम डिस्कवरची फाइल वाचतो, क्रम लावलेला मजकूर पडद्यावर दाखवतो आणि फाइलला हात लावत नाही. दुसरीत विम आपल्याजवळचा सगळा मजकूर सॉर्टच्या हवाली करतो आणि त्याच्याकडून जे परत येईल ते मूळ मजकुराच्या जागी ठेवतो. सॉर्टच्या बाबतीत कदाचित तेच हवे असेल. पण त्या जागी पायथन असेल, तर तुमच्या प्रोग्रामच्या जागी त्याचे उत्तर किंवा त्याच्या चुकांची यादी उरते.

मजकूर नाहीसा झाला या लक्षणाचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते. घाबरून विम बंद करू नका. साध्या अवस्थेत यू ही कळ दाबली की बदल मागे घेतला जातो, आणि फाइल जतन झाली असली तरी विम बंद केलेला नसेल तोवर हा मार्ग खुला असतो. बंद केल्यानंतर मात्र ‘अनडूफाइल’ हा पर्याय आधीपासून चालू असेल तरच मागे जाता येते.

फाइल जतन झाली आहे का?

जुनेच उत्तर येण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे बदल अजून डिस्कवर पोहोचलेले नसणे. विम शेलला फाइलचे नाव देतो, मजकूर देत नाही. शेलमधला प्रोग्राम ते नाव घेऊन डिस्ककडे जातो आणि तिथे शेवटचे जतन केलेले रूप वाचतो. बदल जतन केलेले नसताना ‘:!’ वापरले तर विम तशी सूचना देतो, पण ती एका ओळीत येते आणि उत्तराच्या गर्दीत डोळ्यांआड होते.

उपाय दोन आहेत. प्रत्येक वेळी आधी ‘:डब्ल्यू’ द्यावे, किंवा ‘:सेट ऑटोराइट’ करून ठेवावे, म्हणजे ‘:!’ आणि ‘:मेक’ यांच्या आधी बदललेली फाइल विम स्वतःच जतन करतो. ज्यांना प्रत्येक प्रयोग जतन करायचा नसतो त्यांनी दुसरा पर्याय घेऊ नये.

जतन न करता चालवायचे असेल तर ‘:डब्ल्यू !पायथन३’ असे लिहिता येते. यात टक्का लागत नाही, कारण विम मजकूरच थेट प्रोग्रामकडे पाठवतो. मात्र अशा वेळी प्रोग्रामला स्वतःच्या फाइलचे नाव कळत नाही. इथे उद्गारचिन्हापूर्वीची मोकळी जागा अत्यंत महत्त्वाची आहे. ती गाळून ‘:डब्ल्यू!पायथन३’ लिहिले, तर विम त्याचा अर्थ ‘पायथन३ नावाच्या फाइलमध्ये सक्तीने लिही’ असा घेतो आणि चालू फोल्डरमध्ये त्या नावाची नवी फाइल तयार होते. त्या नावाची फाइल आधीच तिथे असेल, तर तिचा मजकूर कोणतीही विचारणा न होता पुसला जातो.

चालू फाइल नेमकी कोणती आहे?

ज्या खिडकीत कर्सर आहे, त्या खिडकीतली फाइल म्हणजे ‘%’. पडदा दोन भागांत विभागलेला असताना आणि कर्सर मदतीच्या पानावर असताना कमांड दिली, तर टक्क्याच्या जागी मदतीच्या फाइलचे नाव बसते. विमच्या आत टर्मिनल उघडले असेल आणि तीच खिडकी चालू असेल, तर तिथे फाइलच नसते. टक्क्याच्या जागी त्या टर्मिनल बफरचे नाव येते. (बफर म्हणजे विमने मेमरीत उघडून ठेवलेला मजकूर.) कर्सर योग्य खिडकीत नेऊन पुन्हा चालवणे एवढाच उपाय आहे.

याहून फसवे कारण ‘:!!’ हे आहे. मागची शेल कमांड पुन्हा चालवण्यासाठी लोक ते वापरतात. पण विम मागची कमांड टक्क्यासकट लक्षात ठेवत नाही, नाव घालून तयार झालेल्या रूपात ठेवतो. त्यामुळे पहिल्या फाइलमध्ये ‘:!पायथन३ %’ चालवून तुम्ही दुसऱ्या फाइलमध्ये गेलात आणि ‘:!!’ दिले, तर पहिलीच फाइल चालते. दुसरी फाइल समोर असताना पहिली चालते हे लक्षण घेऊन आलेल्यांना मी आधी हेच विचारतो. त्याऐवजी ‘@:’ वापरावे, किंवा कोलन दाबून वरच्या बाणाने जुनी ओळ परत आणावी. दोन्हींत टक्का मूळ रूपात असतो आणि त्या क्षणीच्या फाइलनुसार नव्याने उलगडतो.

तिसरे कारण नाव बदलण्याशी संबंधित आहे. नाव असलेल्या फाइलमध्ये ‘:डब्ल्यू’ आणि पुढे नवे नाव दिले, तर नव्या नावाची प्रत तयार होते, पण तुम्ही जुन्याच फाइलमध्ये राहता आणि ‘%’ जुनाच राहतो. नव्या नावाकडे जायचे असेल तर ‘:सेव्हॲज’ वापरावे. तसेच ‘:!एमव्ही %’ पुढे नवे नाव देऊन फाइल डिस्कवर हलवली, तरी विमला ते कळत नाही; पुढच्या ‘:डब्ल्यू’ ला जुन्या नावाची फाइल पुन्हा तयार होते आणि मग दोन प्रती हाती राहतात. आधी ‘:सेव्हॲज’ करावे आणि मग जुनी फाइल काढावी. त्या वेळी जुने नाव ‘#’ या चिन्हात असते, कारण ‘#’ म्हणजे पर्यायी फाइल, म्हणजेच बहुधा याआधीची. पर्यायी फाइलच नसताना ‘#’ वापरले तर ‘ई१९४’ ही चूक येते.

‘ई४९९’ आली तर

या चुकीचा अर्थ चालू बफरला नावच नाही असा आहे. विम नुसता उघडून मजकूर टंकायला सुरुवात केली की असे होते. एकदा ‘:डब्ल्यू’ आणि नाव दिले की बफरला ते नाव मिळते आणि प्रश्न सुटतो. निनावी बफरमध्येही ‘%:पी:एच’ मात्र चालते आणि विमचे चालू फोल्डर देते. चुकीच्या संदेशात हेच सुचवलेले असते.

टक्का उलगडतच नाही, किंवा नको तिथे उलगडतो

विम टक्का उलगडतो तो दोनच प्रकारच्या ठिकाणी: ज्या कमांडला फाइलचे नाव लागते तिथे, आणि शेल कमांडमध्ये. ‘:एको %’ लिहिले तर ‘ई१५’ येते, कारण ‘:एको’ ला सूत्र हवे असते आणि नुसता टक्का हे सूत्र होत नाही. ‘सिस्टिम()’ या फंक्शनला दिलेल्या अवतरणातला टक्का तसाच शेलकडे जातो, आणि ‘%’ नावाची फाइल सापडत नाही असा संदेश येतो. सूत्र अपेक्षित असेल तिथे नेहमी ‘एक्स्पांड('%')’ लिहावे.

उलटा त्रास तारखेच्या कमांडमध्ये हमखास होतो. ‘:!डेट’ पुढे वर्ष-महिन्याचा साचा लिहिताना त्यात टक्के लागतात, आणि विम त्यांतल्या प्रत्येकाच्या जागी फाइलचे नाव घालतो. वेब पत्त्यातल्या ‘%२०’ सारख्या खुणांचेही तेच होते. खरा टक्का हवा असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी, म्हणजे ‘\%’. ‘#’ आणि ‘!’ यांनाही हाच नियम लागू आहे. शेल कमांडमधल्या सुट्या ‘!’ च्या जागी विम मागची कमांड घालतो, आणि मागची कमांड नसेल तर ‘ई३४’ ही चूक देतो.

फोल्डर आणि पाथ

इथपर्यंत सगळे ठीक असेल, तर पुढचा संशय पाथवर घ्यावा. ‘%’ ने मिळणारे नाव पूर्ण पाथ असेलच असे नाही. फाइल ज्या प्रकारे उघडली तसे ते असते. फाइल आखूड नावाने उघडली तर आखूड, पूर्ण पाथ देऊन उघडली तर पूर्ण. विमच्या आत ‘:सीडी’ ने फोल्डर बदलले तर विम नावाची काळजी घेतो. पण शेल कमांडच्या आतच फोल्डर बदलून पुढे ‘%’ वापरला, तर आखूड नाव नव्या फोल्डरमध्ये शोधले जाते आणि सापडत नाही. अशा वेळी ‘%:पी’ लिहावे. ते नेहमी पूर्ण पाथ देते.

टक्क्यापुढे जोडायच्या अशा आणखी काही खुणा आहेत. ‘:एच’ शेवटचा घटक वगळून फोल्डर देते, ‘:टी’ फक्त शेवटचे नाव देते, ‘:आर’ शेवटचा विस्तार (नावातल्या शेवटच्या टिंबापुढचा भाग) काढून टाकते आणि ‘:ई’ फक्त विस्तार देते. दुहेरी विस्ताराच्या नावात, उदाहरणार्थ ‘जुने.टार.जीझेड’ मध्ये, ‘:आर’ एकच विस्तार काढते. दोन्ही काढायचे असतील तर ‘:आर:आर’ लिहावे लागते. या खुणा एकामागून एक जोडता येतात आणि डावीकडून उजवीकडे लागू होतात, म्हणून ‘:पी’ नेहमी पहिली असावी.

सी भाषेत काम करणारे बहुतेक जण ‘:!जीसीसी % -ओ %:आर’ ने प्रोग्राम बांधतात आणि ‘:!./%:आर’ ने चालवतात. ही जोडी कित्येक महिने बिनबोभाट चालते, आणि एके दिवशी फाइल पूर्ण पाथ देऊन उघडली गेली की मोडते. कारण पूर्ण पाथच्या आधी ‘./’ लागल्यावर शेल तो पाथ मुळापासून न शोधता चालू फोल्डरपासून शोधतो. दुसऱ्या कमांडमध्ये ‘:!%:पी:आर’ लिहिले की फाइल कशीही उघडलेली असली तरी चालते. फाइलला विस्तारच नसेल तर ‘%’ आणि ‘%:आर’ एकच होतात, तेव्हा ‘:!सॉर्ट % > %:आर’ असे काही लिहिले, तर शेल सॉर्ट सुरू होण्याआधीच फाइल रिकामी करतो. विस्तार नसलेल्या फाइलींवर ही खूण उत्तर लिहायच्या फाइलचे नाव म्हणून कधीही वापरू नये.

प्रोग्राम सुरू होतो, पण शेजारची माहितीची फाइल त्याला सापडत नाही, अशीही तक्रार येते. तिथे टक्क्याचा दोष नसतो. बाहेरचा प्रोग्राम विमच्या चालू फोल्डरमध्ये सुरू होतो, फाइलच्या फोल्डरमध्ये नव्हे. ‘:पीडब्ल्यूडी’ ने फोल्डर तपासावे आणि ‘:एलसीडी %:पी:एच’ द्यावे, म्हणजे त्या खिडकीपुरते फोल्डर फाइलच्या जागी जाते. ‘ऑटोसीएचडीआयआर’ हा पर्याय हेच काम प्रत्येक फाइलसाठी आपोआप करतो, पण काही प्लगइन त्याच्याशी जुळवून घेत नाहीत, म्हणून मी तो सुचवत नाही.

नावातल्या मोकळ्या जागा आणि विशेष चिन्हे

संदेशात नावाचा अर्धाच तुकडा दिसला, की नावात मोकळी जागा आहे असे धरून चालावे. फाइल उघडण्याच्या कमांडमध्ये विम अशा चिन्हांची काळजी स्वतः घेतो, पण ‘:!’ मध्ये नाव जसेच्या तसे शेलला देतो. ‘माझा हिशेब’ नावाची फाइल शेलला ‘माझा’ आणि ‘हिशेब’ अशा दोन फाइली वाटतात. खात्री करण्यासाठी ‘:!एलएस %’ चालवून पाहावे. एका फाइलऐवजी दोन नावांबद्दल तक्रार आली तर निदान पक्के झाले.

अनेक जण टक्क्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालतात. अवतरणाच्या आतही विम टक्का उलगडतो, त्यामुळे मोकळ्या जागेपुरता हा उपाय लागू पडतो. पण नावात डॉलरचे चिन्ह, उलटे अवतरण किंवा दुहेरी अवतरणच असेल तर तो अपुरा आहे. खरा उपाय म्हणजे शेवटी कोलन आणि मोठे एस जोडणे. मोठ्या एसची ही खूण नाव शेलसाठी सुरक्षित करून देते, आणि इतर खुणा असतील तर ती सर्वांत शेवटी यावी लागते. चुकून लहान एस लिहिले तर विम ती शब्द बदलण्याची खूण समजतो.

नावाची सुरुवात आडव्या रेघेने होत असेल तर मोठे एसही पुरत नाही, कारण तिथे शेलची चूक नसते. प्रोग्रामच त्या नावाला स्वतःचा एखादा पर्याय समजतो. अशा वेळी मोठ्या एसच्या आधी ‘:पी’ जोडावी, म्हणजे पूर्ण पाथाची सुरुवात आडव्या रेघेने होत नाही.

इतरांकडून आलेल्या फाइलींच्या बाबतीत या भागाकडे दुर्लक्ष करू नये. नावात अर्धविराम आणि त्यापुढे एखादी कमांड दडलेली असेल, तर उघडा ‘%’ ती कमांड तुमच्या अधिकारांनिशी चालवतो. कायमस्वरूपी लिहून ठेवलेल्या प्रत्येक कमांडमध्ये मोठे एस असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कळीला बांधलेल्या कमांड

हाताने चालणारी कमांड कळीवरून चालत नसेल, तर आधी ती कळ कोणी बांधली आहे ते पाहावे. ‘:व्हर्बोज मॅप’ पुढे कळीचे नाव दिले की ती जुळणी कोणत्या फाइलमध्ये शेवटची लिहिली गेली तेही दिसते. पुष्कळदा एखाद्या प्लगइनने तीच कळ नंतर घेतलेली असते.

जुळणीत थेट लिहिलेला टक्का कळ दाबल्यावर उलगडतो, आणि तेच हवे असते. बिघडते ते सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘लेट’ वापरून ‘एक्स्पांड('%')’ चे उत्तर साठवल्यावर. ती ओळ विम सुरू होताना एकदाच चालते, आणि पुढे तुम्ही कोणतीही फाइल उघडा, साठवलेले मूल्य बदलत नाही. उलगडणे वापराच्या क्षणी व्हायला हवे, म्हणून ते फंक्शनच्या आत ठेवावे.

‘एक्झिक्यूट’ ने ‘!’ ची कमांड जुळवत असाल, तर नाव ‘शेलएस्केप(एक्स्पांड('%'), १)’ असे द्यावे. त्यातला १ गाळला, तरी शेलपुरते नाव सुरक्षित होते, पण नावात खराच टक्का, ‘#’ किंवा ‘!’ असेल तर विम तो पुन्हा उलगडतो. १ दिल्यावर त्या चिन्हांआधी तिरपी रेघ लागते, आणि ‘:!’ ती रेघ काढून टाकतो. शेलऐवजी विमच्याच कमांडला नाव द्यायचे असेल, तर ‘एफनेमएस्केप()’ हे वेगळे फंक्शन आहे. या दोघांची अदलाबदल करू नये.

‘:मेक’ ने कोणता प्रोग्राम चालवायचा ते ठरवणाऱ्या ‘मेकपीआरजी’ या पर्यायातही टक्का चालतो आणि ‘:मेक’ देताना उलगडतो. ‘:सेट’ ने तो लिहिताना मोकळ्या जागेआधी तिरपी रेघ द्यावी लागते, अन्यथा विम पुढच्या शब्दाला दुसरा पर्याय समजतो.

तरीही उलगडा होत नसेल तर विम ‘--क्लीन’ देऊन उघडावा. त्यात तुमच्या सेटिंग आणि प्लगइन नसतात. तिथे कमांड चालली तर दोष सेटिंगमध्ये आहे, आणि त्या निम्म्या-निम्म्या करून वगळत गेल्यास दोषी ओळ सापडते.

शेवटी शेल

‘:सेट शेल?’ ने विम कोणता शेल वापरतो ते कळते. युनिक्स प्रकारच्या प्रणालीवर वेगळा शेल दिसत असेल, तर तात्पुरते ‘:सेट शेल=/बिन/एसएच’ करून तीच कमांड पुन्हा द्यावी. विंडोजवर ‘शेलस्लॅश’ हा पर्यायही तपासावा, कारण त्यावरून नावाभोवती एकेरी अवतरण घालायचे की दुहेरी हे ठरते, आणि तिथला जुना कमांड शेल एकेरी अवतरणाला अवतरण मानत नाही.

कधी थांबावे

चार प्रसंगी पुढचा प्रयोग न करता प्रणाली प्रशासकाला बोलवावे.

पहिला, ‘ई१४५’ ही चूक आली तर. विम मर्यादित अवस्थेत चालवला आहे आणि शेल कमांड मुद्दाम बंद ठेवल्या आहेत असा तिचा अर्थ आहे. ती अडचण नाही, कोणीतरी घेतलेला निर्णय आहे.

दुसरा, जतन करण्याची परवानगीच नसेल तर. ‘:डब्ल्यू !सूडू टी %’ हा उपाय सर्वत्र सांगितला जातो, पण तो प्रशासकाच्या अधिकाराने फाइल लिहितो, आणि नावात मोकळी जागा असेल तर भलत्याच दोन फाइली लिहितो. तो अधिकार तुम्हाला दिलेला नसेल किंवा फाइल चालू सेवेची असेल, तर तो वापरू नये.

तिसरा, चुकीच्या नावावर लिहिले जाऊन मजकूर गेला असेल आणि यू ची कळ तो परत आणत नसेल तर. त्या डिस्कवर नवे काही लिहू नका, विम उघडा असेल तर तसाच ठेवा, आणि बॅकअप कोणाकडे आहे ते विचारा.

चौथा, स्वच्छ विममध्ये, साध्या शेलमध्ये आणि साध्या नावाच्या फाइलवरही कमांड चालत नसेल तर. मग दोष विमच्या बाहेर आहे. बोलावलेल्या व्यक्तीला ‘:व्हर्शन’ ची पहिली ओळ, ‘:सेट शेल?’ चे उत्तर, ‘:एको एक्स्पांड('%:पी')’ चे उत्तर आणि ‘:!’ नंतर पडद्यावर छापलेली ओळ जशीच्या तशी उतरवून द्यावी. या चार ओळी हाती असल्या की वरच्या बहुतेक तपासण्या तिला पुन्हा कराव्या लागत नाहीत.